काठीपुढचं झाड

नोंदवाला आला की आधी मोटरसायकल बांधाला लावायचा, हेल्मेट आरशाला अडकवायचा आणि मग प्यायला पाणी मागायचा. त्या सकाळी त्याने पाणी मागितलं नाही. थोरलीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

ती मिरचीच्या ओळीत वाकून तोडा करत होती. कमरेची झोळी भरत आली होती आणि झोळीच्या दोरीने पोटावर लाल वळ उठला होता. उठावं तर गुडघे कुरकुरत होते, न उठावं तर कंपनीचा माणूस डोक्यावर उभा. ती उठली.

“ताई, वही आणा,” नोंदवाला म्हणाला.

“चहा टाकते, बसा तरी.”

“आधी वही.”

वही म्हणजे पाण्याची वही. तारीख कोणती, किती मिनिटं पाणी सोडलं, कोणी सोडलं, हे सगळं तीत लिहायचं असे. घरात अक्षर बरं म्हणून ते काम थोरलीकडे आलं होतं. दोन हंगामांत तिने एक दिवस खाडा केला नव्हता. तापाने फणफणली होती तेव्हाही उशीला टेकून तिने त्या दिवसाची ओळ लिहिली होती. अशी वही नोंदवाल्याने दोन बोटांनी उघडली, दुकानदार ओली नोट धरतो तशी. मग त्याने पिशवीतून टॅब काढला आणि तिच्यापुढे धरला.

“ही तुमच्या काठीची रेघ.”

निळी रेघ होती. आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“आणि या बाकीच्या दहा घरांच्या.” त्या रेघा वर चढत होत्या, उतरत होत्या, पुन्हा चढत होत्या. “पाणी दिलं की रेघ वर जाते. तीन दिवसांत खाली येते. तुम्ही वहीत लिहिलंय तीन दिवसांआड पाणी. मग तुमची रेघ उतरत का नाही? रोज ओल दाखवते. रोज म्हणजे रोज.”

“काठी बिघडली असेल.”

“मागच्या आठवड्यात बदलली ना मी? नवीन काठीपण तेच सांगते.” त्याने टॅब मिटला. “ताई, कुठेतरी पाणी मुरतंय. आठ दिवसांनी मोठ्या कचेरीतून तपासणीस बाई येणार आहेत. वही आणि रेघ जुळली नाही तर मी काही करू शकत नाही. घर यादीतून जाईल.”

आणि पाणी न पिताच तो गेला.

थोरली ओळीच्या टोकाशी जाऊन त्या काठीपुढे उभी राहिली. पांढरीशुभ्र काठी. हातभर जमिनीत, हातभर वर, डोक्यावर तळहाताएवढी काळी काच. रोज दुपारी एकदा ती कंपनीला मातीतली ओल कळवायची. कशी कळवायची, ते नोंदवाल्याने दोनदा समजावून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. काठीभोवतीही इतर शेतासारखंच वाळलेल्या काडाचं जाड पांघरूण होतं. जमीन उघडी ठेवायची नाही, उन्हाने ओल उडते, हे कंपनीचंच सांगणं. तिच्या नवऱ्याने, थोरल्याने, सुरुवातीला त्याची टिंगल केली होती. पण यंदा एवढा उन्हाळा तापला, विहीर अर्ध्यावर आली, तरी काडाखालची मिरची टिकली. निम्म्या पाण्यात टिकली. ते मात्र कोणालाही नाकारता आलं नसतं.

यादीतून जाणं म्हणजे काय हे थोरलीला कोणी सांगायला नको होतं. ही मिरची दिसायला लालभडक, आणि जिभेवर ठेवली तर गवत. कंपनीला तिचा नुसता रंग हवा असे. तो काढून पिंपांत भरायचा, मग तो कुठल्या कुठल्या देशांत सॉसमध्ये, बिस्किटांत, मुलांच्या खाऊत जायचा, आणि त्या पुड्यांवर कमी पाण्यावर पिकवलेला माल म्हणून हिरव्या पानाचं चित्र छापलेलं असायचं. पहिल्या वर्षी थोरल्याने चार पोती बाजारातही नेऊन पाहिली होती. व्यापाऱ्याने एक चावली, थुंकली आणि विचारलं, “हे खायचं की कपडे रंगवायचे?” तेव्हा कंपनीने नाही म्हटलं की अंगणातली ही लाल रास सगळी कचरा. वर्षभराच्या कष्टांचा कचरा, आणि तोही थोरलीच्या अक्षरामुळे.

*

दुपारी जेवायला चौघं बसली. थोरला, धाकटा, म्हातारा सासरा आणि वाढून झाल्यावर थोरली. तिने झाला प्रकार सांगितला. सांगताना ती ताटाकडे बघत होती, पण शेवटी तिची नजर धाकट्या दिराकडे गेलीच. थोरल्याची तर आधीच गेली होती.

पाण्याचं काम धाकट्याचं होतं. ठिबकच्या नळ्या साफ करणं, पंप चालू करणं, चाळीस मिनिटं झाली की व्हॉल्व्ह फिरवून बंद करणं. आणि शेताच्या मागच्या अंगाला वीटवाल्याची भट्टी होती. वीटवाल्याला माती कालवायला पाणी लागे आणि यंदा त्याची कूपनलिका आटली होती. धाकट्याचं त्याच्याकडे जाणं-येणं होतं. संध्याकाळी तिथे दोघं-तिघं बसत, गप्पा मारत.

“वीटवाल्याच्या खड्ड्यात पाणी कुठून आलं म्हणे?” थोरल्याने विचारलं.

“टँकर आणतो तो.”

“टँकर. बरं.”

“बरं म्हणजे?” धाकट्याचा घास हातातच राहिला. “सरळ बोल ना. भट्टीला पाणी विकतो असं म्हणायचंय?”

“मी काही म्हटलं का?”

“म्हणायचं काय राहिलंय? वहिनी, तुम्हालापण तसंच वाटतं?”

थोरलीने भाजीचं भांडं पुढे सरकवलं. “भाऊजी, जेवा आधी.” हे काही उत्तर नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं.

म्हातारा दाराजवळ बसला होता. तीस वर्षं तो पाटकरी होता. पाटाच्या दारांवर त्याची सत्ता. कोणाचं दार कधी उघडायचं, किती बोटं उघडायचं, ते तो ठरवायचा, आणि नुसतं पाय बुडवून पाणी किती चाललंय ते सांगायचा. पुढे पाऊस कधी पडेल आणि कधी दडी मारेल याचा नेम राहिला नाही, पाटाला पाणी येईनासं झालं आणि दारं गंजून गेली. घरात ठिबक आलं तेव्हा त्याचं फावडंही भिंतीला टेकलं. आता तो पहाटे शेताकडे एक फेरी मारून यायचा आणि मग दिवसभर दारात बसायचा. त्याला कोणी काही विचारत नसे.

“मीठ दे जरा,” तो म्हणाला.

थोरलीने मीठ दिलं. भावाभावांचं बोलणं थांबलं होतं, पण ते संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने पंपाच्या पेटीला कुलूप घातलं. नवंकोरं पितळी कुलूप. किल्ली त्याने करगोट्याला बांधली. पाण्याच्या दिवशी धाकट्याने त्याच्यापुढे हात पसरला तेव्हा अंगणातल्या सारवलेल्या सड्यावर दोन मजूर बाया मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या, पण हात थांबवले.

“पेटी उघडून दे,” धाकटा म्हणाला.

“चल, मीच येतो.”

थोरला त्याच्या मागोमाग गेला आणि पूर्ण चाळीस मिनिटं पंपापाशी उभा राहिला. घड्याळ बघत. धाकटा नळ्यांवरून वाकून एकेक छिद्र तपासत होता. त्याचे कान लाल झाले होते. चोवीस वर्षांचा बाप्या गडी, पण त्या दिवशी त्याला शाळेत बाकावर उभं केल्यासारखं दिसत होतं. थोरलीला त्याची दया आली. आणि लगेच असंही वाटलं, की काही केलंच नसेल तर कान लाल कशाला होतील?

*

चार दिवस तोडा जोरात चालला. ऊन इतकं, की नऊ वाजेपर्यंत झोळीचं कापड घामाने भिजून अंगाला चिकटायचं. तोडलेली मिरची सड्यावर पसरायची, दर दोन तासांनी दाताळ्याने उलटी करायची, सांज झाली की गोळा करून झाकायची, म्हणजे बुरशी लागत नाही. या मिरचीने हात झोंबत नाहीत, एवढंच तिचं कौतुक. नखं मात्र लाल होतात आणि महिनाभर तशीच राहतात.

एक मजूर बाई काठीच्या शेजारी तोडत होती. तिने हाक मारली.

“वहिनी, या झाडाला काय खाऊ घालता? एका झाडात अर्धी झोळी भरली की!”

थोरलीने पाहिलं. काठीला लागून असलेलं ते झाड बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होतं, पानं तुकतुकीत. काठीसोबत कंपनीने मातीत काहीतरी पुरलं असणार, असं तिच्या मनात आलं. आता तिला काठीवरही विश्वास राहिला नव्हता.

पाचव्या दिवशी नोंदवाल्याचा फोन आला. रेघ अजून आडवीच. थोरल्याने फोन ठेवला आणि करगोट्याची किल्ली चाचपली. धाकटा समोरच उभा होता.

“काय झालं? ओल आहे ना अजून?” तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. “कुलूप तुझं, किल्ली तुझी. मग आता चोर कोण रे दादा?”

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात जे आलं त्याची तिलाच लाज वाटली. पंधरा वर्षांच्या संसारात या माणसाने एक पैसा लपवला नव्हता, आणि ती मनातल्या मनात हिशेब करत होती, की तो सकाळी किती वाजता उठतो, कुठल्या वाटेने जातो. काठी एकच होती, पण या चार दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस काठी होऊन बसलं होतं. जो तो दुसऱ्याची ओल मोजत होता.

त्या संध्याकाळी शेजारचा हसऱ्या आला. त्याला सगळे हसऱ्याच म्हणत. कोणाचं घर जळत असलं तरी हा हसतच चौकशी करेल. त्याची रेघ अकरा घरांत सगळ्यांत सुंदर होती. नोंदवाला ती सगळ्यांना दाखवायचा.

“ऐकलं मी,” तो खाटेवर टेकत म्हणाला. “वाईट वाटलं.”

“तुझी रेघ कशी काय इतकी झकास?” थोरल्याने विचारलं.

हसऱ्याने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “अरे, काठीला काय मुळं फुटलीत? नोंदवाला गेला की उपटायची. आपल्याला हवी तेवढी ओल असेल तिथे रोवायची. बांधाशेजारी, कडेला. शेताला मग मी पाहिजे तेवढं पाणी देतो. तो यायच्या दिवशी परत जागेवर.”

“आणि बाईंनी पकडलं तर?”

“बाई काय, कागद बघतात. कागदावर रेघ चांगली, की त्या खूश. रेघ चांगली, की नोंदवाला खूश. त्याच्या नोकरीचंही त्यातच आहे.” तो उठला. “तीन दिवस आहेत तुमच्याकडे. बघा बुवा. मी आपला शेजारी म्हणून सांगितलं.”

तो गेल्यावर थोरला बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला.

“करूया का?” शेवटी तो म्हणाला.

थोरलीला इतका संताप आला, की तिचा आवाज चिरकला. “म्हणजे वही खरी आहे ती खोटी ठरणार, आणि मग काठी खोटी करून वही खरी करायची? दोन वर्षं मी काय गंमत म्हणून लिहिलं?”

“अगं, मग तूच सांग दुसरा उपाय.”

तिने एक गोष्ट ठरवली होती. काठीवर आता तीच नजर ठेवणार होती.

*

सहाव्या दिवशी नुकतं दिसायला लागलं होतं तेव्हा ती शेताकडे निघाली आणि काडाच्या गंजीआड जाऊन बसली. गंजीला उंदरांचा वास येत होता. काडाची टोकं मानेला टोचत होती. आपल्याच शेतात आपणच चोरासारखं बसायचं, यापरता गाढवपणा नाही, असं ती स्वतःला बजावत होती. कोण येईल? धाकटा येईल. की वीटवाला? की नवरा? देवा, नवरा नको.

आला तो म्हातारा.

रोजच्यासारखाच आला, डाव्या पायावर जरा कलत. त्यात नवल काही नव्हतं. पण तो विहिरीजवळच्या पिंपापाशी थांबला. तिथे पालथा पडलेला तांब्या त्याने उचलला, भरला आणि मिरचीच्या ओळीतून सरळ काठीपाशी गेला. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला. काड हळूच बाजूला सारलं. काठीशेजारच्या झाडाच्या बुडाशी तांब्या तिरपा केला, थेंबाथेंबाने, पाणी वाहून जाणार नाही असा. मग परत पिंपाकडे, परत भरून आणला, परत ओतला. काड नीट पसरलं. शेवटी खांद्यावरचं फडकं काढून त्याने काठीची काळी काच पुसली आणि फडक्याला लागलेली धूळ झटकली.

थोरली गंजीआडून बाहेर आली.

“मामंजी, हे काय करताय?”

म्हातारा दचकला नाही. “झाडाला पाणी देतोय.”

“कधीपासून?”

“काठी रोवली तेव्हापासून. त्या नोंदवाल्या पोराने भोक पाडताना या झाडाची मुळं तोडली. मान टाकली होती याने.” त्याने झाडाच्या शेंड्याला बोट लावलं. “आता बघ.”

“पण रोज? मामंजी, झाड तर कधीच सावरलंय!”

म्हातारा थोडा घुटमळला. मग शरमल्यासारखा हसला. “तोच म्हणाला ना, की ही काठी बघते आणि तिकडे कळवते? मग बघणाऱ्याच्या पुढ्यात सुकलेलं झाड बरं दिसतं का? साहेब पाटावर यायचा तेव्हा आम्ही पहिल्या दारापुढचं गवत काढून ठेवायचो. त्याला सगळा पाट थोडाच दिसतोय? जे पुढ्यात आहे तेच दिसणार. म्हटलं, तिकडे कळू दे, की या घरात पिकाची हयगय नाही.”

थोरली तिथेच ओळीत खाली बसली. हसावं की कपाळ बडवावं, तिला कळेना.

“पाच दिवस घरात पाण्यावरून भांडणं चाललीत. तुम्ही ऐकत होता. बोलला का नाहीत?”

“पाण्यावरून चालली होती, म्हणून तर.” म्हातारा खरंच गोंधळला होता. “पाणी चोरलं, पाणी विकलं, असं ऐकत होतो. अगं, मी दोन तांबे ओततो. दोन तांब्यांना कोणी पाणी म्हणतं का?”

ज्याने तीस वर्षं पाट उघडले आणि मिटले, त्याला ती काय सांगणार होती? तिने फक्त त्याच्या हातातला तांब्या घेतला.

*

सकाळचं पाणी सोडून दोघं भाऊ घरी आले आणि त्यांना सगळं कळलं तेव्हा धाकटा आधी मोठ्याने हसला, मग उठून बाहेर गेला आणि दुपारपर्यंत आला नाही. थोरला डोकं धरून बसला.

“आता हे कोणाला सांगायचं? कोण विश्वास ठेवेल?” तो म्हणाला. “वीटवाल्याला पाणी विकलं असं सांगितलं तर पटेल. पंप गळतो म्हटलं तर पटेल. म्हातारा काठीला पाहुणी समजून तांब्याने पाणी पाजत होता, हे म्हटलं तर हाकलून देतील!”

खोटं नव्हतं ते. इतकं खरं होतं, की थापच वाटत होती.

आठव्या दिवशी तपासणीस बाई आल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, पायात गमबूट. नोंदवाला त्यांच्या मागे टॅब घेऊन चालत होता. बाई आधी हसऱ्याच्या शेतात गेल्या, रेघ पाहिली, त्याच्या पाठीवर शाबासकी दिली, फोटो काढला. हसऱ्या फोटोत हसला. ते बांधावरून बघताना थोरलीच्या तोंडात कडू चव आली. एक शब्द बोलली असती तर त्याची काठी उघडी पडली असती. पण बाईंना ते चोराचं चोराकडे बोट वाटलं असतं.

मग बाई इकडे आल्या. थोरलीने वही पुढे केली आणि सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. बाईंनी नोंदवाल्याकडे पाहिलं. नोंदवाल्याने जमिनीकडे पाहिलं.

“ताई,” बाई शांतपणे म्हणाल्या, “म्हाताऱ्या माणसाला पुढे करू नका. हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. कुठे म्हातारी असते, कुठे लहान मूल असतं.”

थोरलीचा चेहरा पडला. थोरला पुढे झाला. तेवढ्यात म्हातारा ओळीतून चालत आला. हातात खुरपं होतं.

“बाई, तुम्ही माणसावर विश्वास ठेवू नका,” तो म्हणाला. “मातीवर ठेवा.”

तो काठीपाशी बसला, काड सारलं, खुरप्याने वीतभर खणलं आणि मूठभर माती काढून बाईंपुढे धरली. माती काळी, चिकट, मुठीत दाबली की लाडू व्हावा अशी. मग तो उठला, तीन पावलं मोजून पुढे गेला, तिथे खणलं. ती माती बोटांतून भुरभुरली. त्याने ती हुंगली, चोळली.

“परवा सकाळी दिलंय इथे. पाऊण तासाच्या आत.”

थोरलीने वही उघडून बाईंपुढे धरली. परवा सकाळ, चाळीस मिनिटं. अक्षर तिचं, सही धाकट्याची.

बाईंनी पिशवीतून एक लहान यंत्र काढलं. ते काठीपाशी खुपसलं, मग तीन पावलांवर, मग पाचव्या ओळीत, मग पार टोकाला. सगळीकडे म्हातारा आधी माती चोळून सांगायचा, मग बाई यंत्रात बघायच्या, आणि दर वेळी जुळायचं. चौथ्या जागेनंतर त्यांनी यंत्र पिशवीत ठेवलं.

“आजोबा, तुम्ही काय करत होता आधी?”

“पाटावर होतो.”

बाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी माणुसकीचं दिसलं. आता सुटलो, असं थोरलीला वाटलं.

“घर यादीत राहील,” बाई म्हणाल्या. थोरल्याने डोळे मिटले. “पण मला वर कागद द्यावा लागतो. एकदा काठीत ढवळाढवळ झाली, तर पुन्हा होणार नाही याची हमी लागते. काठीभोवती तारेचं कुंपण घाला. आणि हंगाम संपेपर्यंत आजोबा या शेतात पाऊल टाकणार नाहीत, असं लिहून द्या. वहीतच लिहा, ताई. तुमच्याच अक्षरात. इथून पुढे या शेतात पडलेला थेंबन्‌थेंब लिहायचा.”

“मॅडम, त्यांचं शेत आहे हे,” थोरली म्हणाली.

“मला माहीत आहे.”

म्हाताऱ्यानेच विचारलं, “नाव यादीत राहतंय ना?”

“राहतंय.”

“मग लिही पोरी.”

थोरलीने गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. तिचं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाकडं आलं. म्हाताऱ्याने खाली सही केली. पाटकरी असताना करायचा तशी, लांबलचक, खाली दोन रेघा ओढून.

संध्याकाळी थोरल्याने पंपाच्या पेटीचं कुलूप काढलं आणि किल्लीसकट धाकट्यापुढे धरलं.

“घे. चुकलं माझं.”

धाकट्याने ते हातात घेतलं नाही. “असू दे पेटीलाच,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी शोधायला नको.”

*

दहा दिवसांनी नोंदवाला आला. मोटरसायकल बांधाला लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं, पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने टॅब दाखवला. रेघ वर चढली होती, उतरली होती, पुन्हा चढली होती.

“आता कसं!” तो म्हणाला. “एकदम झकास.”

तो गेल्यावर थोरली तारेपाशी गेली. आत काठी पांढरीशुभ्र उभी होती, काचेवर धुळीचा थर. तिच्यापुढचं झाड कोमेजलं होतं. रोज मिळायची सवय लागलेली, आता तीन दिवसांचं पाणी त्याला पुरत नव्हतं. पानं मुडपली होती, शेंडा खाली झुकला होता.

म्हातारा शेताबाहेर बांधावर बसला होता. रोज पहाटे यायचा आणि तिथेच थांबायचा. तिथून त्याला काठी दिसायची.

“सूनबाई,” त्याने हाक मारली, “ते झाड बघितलंस का?”

“बघितलं, मामंजी.”

“बघणाऱ्याच्या पुढ्यात...” तो म्हणाला आणि पुढचं बोलला नाही.

तिने त्याच्यासाठी प्यायला तांब्याभर पाणी आणलं होतं. ते त्याने घेतलं, अर्धं प्याला. मग त्याचा हात आपोआप शेताच्या बाजूला वळला, तांब्या तिरपा झाला आणि मध्येच थांबला. त्याने एकदा काठीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग उरलेलं पाणी त्याने स्वतःच्या पायाशी, बांधाच्या कोरड्या मातीवर ओतून टाकलं.

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिने कमरेला खोचलेली वही काढली, त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे लिहिलं: पाणी, अर्धा तांब्या. बांधावर.